लाईन असेपर्यंतची कविता

मी एकेकाळी अल्पाक्षरी कवयित्री होते. हे मी म्हणत नाही, पुण्याच्या एका बाईंनी तसं लिहून ठेवलंय. माझ्या कवितेत म्हणे न बोललेलं फार असतं. ओळ जिथं तुटते तिथून म्हणे खरी कविता सुरू होते. बाईंचा व्यासंग दांडगा होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. माझी ओळ तुटायची ती मागच्या खोलीत अब्बा मशीन चालू करायचे म्हणून.

नीट सांगते. ब्रह्मपुरीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर. मागच्या खोलीत अब्बांची कापूस पिंजायची मशीन, पुढच्या खोलीत गाद्यांचं दुकान. आसपासच्या गावांतल्या बाया जुन्या, दगडासारख्या झालेल्या गाद्या आणून टाकायच्या, अब्बा त्या उसवून, कापूस पिंजून, नवं कापड घालून पुन्हा भरून द्यायचे. लग्नसराईत आंदणाच्या गाद्या. घरातली बोली आमची हिंदी, म्हणजे जिला आम्ही हिंदी म्हणतो ती. दुकानातली बोली झाडीची, म्हणजे आमच्या जंगलपट्ट्यातली मराठी. "बाई, परवा घेऊन जा," अब्बा सांगायचे, "लाईन राहिली तं."

दोन हजार सालानंतर गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले तेव्हा अब्बांच्या डोक्यात आलं की आपली पोरगी बीए होऊन बसली आहे, तिलाही एक काढून द्यावा. गाद्या एका कोपऱ्यात गेल्या, दोन कॉम्प्युटर आले. नागपूरहून ते बसवायला आलेल्या माणसानं सांगितलं की कॅफेला पडदा पाहिजेच, म्हणून गादीच्या उरलेल्या कापडाचा पडदा लागला, निळ्या पट्ट्यांचा. बॅटरीचा एक डबा सोबत आला होता. लाईन गेली तरी कॉम्प्युटर चालू राहील असं त्याच्यावर लिहिलं होतं. महिन्याभरात त्या डब्यानं जीव सोडला आणि त्यावर आम्ही मनीप्लांट ठेवला, तो मात्र चांगला वाढला.

आता विजेची गोष्ट. त्या काळात आमच्याकडे लाईन जायची नाही, यायची. म्हणजे नसणं हीच तिची रीत, अधूनमधून पाहुण्यासारखी येऊन बसायची. ती आली की अब्बांना मशीन लावायची असायची आणि मला नेट. मीटर एकच. मशीनची मोटर सुरू झाली की घरातले दिवे मिणमिणायचे आणि माझे दोन्ही कॉम्प्युटर बंद पडायचे. गिऱ्हाईक असलं तर ते बोंबलायचं. एखाद्या पोट्ट्याचं मुंबईच्या कुण्या पोरीशी चॅटिंग ऐन रंगात आलेलं असायचं आणि तिकडं गादी भरणं सुरू व्हायचं. म्हणून अब्बांनी एक शिस्त ठेवली होती. मशीनचं बटण दाबण्याआधी ते आतून हाक मारायचे, "चालू करूं क्या?" मी म्हणायची, करो. एवढ्या वेळात जे काय वाचवता येईल ते वाचवायचं.

आणि दार. मधलं दार ते मशीनआधी लावून घ्यायचे. मला लहानपणापासून दमा. जुन्या गादीचा कापूस पिंजला की खोलीभर अशी धूळ उडते की समोरचा माणूस दिसत नाही. अब्बा नाकाला रुमाल बांधून, दार आतून लावून त्या धुळीत बसायचे. बाहेर यायचे तेव्हा भुवया, मिशा, कान, सगळं पांढरं. मी हसायची. ते खोकायचे आणि तेही हसायचे.

तर कविता. कॅफे चालवणाऱ्या माणसाला दिवसभर काय काम असतं? निकालाच्या दिवशी गर्दी, बाकी दिवस माश्या. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवायची. पेपर आमच्याकडे यायचा तोच शिळा होऊन, त्यामुळं कोडं संपलं की पुढचा दिवस खायला उठायचा. एकदा नेटवर कोडी शोधता शोधता एक मंडळ सापडलं. मराठी माणसांचं, ईमेलवर चालणारं. अमेरिकेतले एक निवृत्त इंजिनियर काका रोज झोपण्याआधी पाच शब्दांचं एक छोटं कोडं टाकायचे, म्हणजे आमच्याकडे सकाळी. ते सोडवायचं आणि आलेले पाचही शब्द वापरून एक कविता करून पाठवायची. नियम काकांचे होते आणि काका शिस्तीचे होते. एका दिवशी एकच कविता. पाचही शब्द आलेच पाहिजेत. आणि एकदा पाठवलेली कविता बदलायची नाही. ज्या माणसानं आयुष्यभर पूल बांधले त्याला नंतर खांब हलवलेला कसा चालेल?

मंडळात पुणे, नाशिक, दुबई, न्यूजर्सी असे सगळीकडचे लोक होते. शब्द कोणतेही येवोत, त्यांच्या कवितेत चांदणं यायचंच. एकदा काकांनी सांडशी, परात, चाळणी असले शब्द टाकले. मला वाटलं आता कुठून आणतात चांदणं पाहू. दुबईच्या एका गृहस्थांनी चाळणीतून ते पाडलं. मला शब्दशः हात जोडावेसे वाटले.

मी नवीन होते तेव्हा माझ्या आडनावावरून सगळ्यांनी मला फार जपून घेतलं. तुमचं मराठी किती छान आहे, असं तिघाचौघांनी लिहिलं. मी ब्रह्मपुरीच्या मराठी शाळेत शिकलेली, आजूबाजूला जन्मभर झाडीबोली ऐकलेली, मराठी नाही तर काय फ्रेंच येणार होतं मला? पण मी आभार मानले. मग त्यांना समजलं की मी चंद्रपूर जिल्ह्यातली आहे. झालं. त्या दिवसापासून वाघ. वाघ रोज दिसतो का, मोहाच्या फुलांचा वास घरात येतो का, तुमच्या कवितेत जंगल का नाही? मी लिहिलं की वाघ पाहायला तिकीट लागतं आणि आमच्या घरात वास येतो तो जुन्या गाद्यांचा. हा त्यांना विनोद वाटला.

माझ्या कविता छोट्या असायच्या कारण वेळ तेवढाच असायचा. सकाळी लाईन यायची, मी कोडं उघडायची, सोडवायची, टाईप करायला घ्यायची. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेही एका बोटानं. चार ओळी होतात न होतात तोच मागून हाक. थांबा म्हटलं तर अब्बा थांबायचे. पण ते थांबले की लाईन थांबत नसे, ती निघून जायची आणि कुणा पोरीच्या आंदणाची गादी अर्धी राहायची. म्हणून मी जेवढं झालं तेवढं धाडून द्यायची. कधी पाच शब्द बसायचे, कधी चार, तेव्हा काका कविता बाद करायचे. पुण्याच्या बाईंनी त्यातच माझी शैली शोधून काढली.

या बाई म्हणजे मंडळाचा आधार होत्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, दर आठवड्याला एका कवितेवर लांबलचक रसग्रहण लिहायच्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या, उलट प्रेमळ होत्या. तेच तर अवघड होतं. वाईट माणसाला दोन शब्द सुनावता येतात.

एका सकाळी शब्द आले: दार, श्वास, बाजू, कापूस, धागा. मी कोडं सोडवलं आणि पहिल्यांदा असं झालं की शब्द जोडावे लागले नाहीत. सगळं समोरच होतं, त्या मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना. डोक्यात अख्खी कविता उभी राहिली आणि मी टाईप करायला लागले:

बाप दार लावून घेतो
रोज, माझ्या तोंडावर.
दाराच्या या बाजूला मी
श्वास सांभाळत बसते.

"चालू करूं क्या?" अब्बांची हाक आली. आंदणाचं काम होतं, संध्याकाळी नागभीडची मंडळी न्यायला येणार होती. मी म्हटलं, करो. म्हणजे तोंडातून निघूनच गेलं. घाईघाईत पाठवायचं बटण दाबलं, कविता गेली, दिवे मिणमिणले, कॉम्प्युटर काळा झाला. उरलेल्या चार ओळी माझ्या जिभेवर तशाच राहिल्या.

लाईन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाहते तो मंडळात हलकल्लोळ. नाशिकच्या एकीला रडू आलं होतं. न्यूजर्सीतून कुणी विचारलं होतं की आम्ही काही मदत करू शकतो का. आणि बाईंचं रसग्रहण, नेहमीपेक्षा दुप्पट. बंद दार म्हणजे काय, तोंडावर लावलेलं म्हणजे काय, आणि शेवटी कळस. कापूस आणि धागा हे दोन शब्द कवितेत आले नाहीत, याकडे बाईंनी सर्वांचं लक्ष वेधलं होतं. विणण्याचे, निर्मितीचे हे दोन शब्द या मुलीला नाकारले गेले आहेत आणि ते तिनं न लिहून दाखवून दिलंय, असं त्यांचं म्हणणं. घ्या. ज्या कापसानं माझी कविता खाल्ली, तोच मला नाकारला गेला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अब्बांनी आयुष्यात मला एक गोष्ट नाकारली नव्हती. बीए करते म्हटलं, कर. कॅफे त्यांनीच काढून दिला. मी लगेच उरलेल्या चार ओळी पाठवल्या, सोबत सगळं लिहिलं. मशीन, मीटर, दमा, दार का लावतात ते. वाटलं लोक हसतील आणि विषय संपेल.

काकांनी कळवलं की नियमानुसार पाठवलेली कविता बदलता येत नाही. बाईंनी मात्र मंडळावर न लिहिता मला वेगळं लिहिलं. फार मायेनं. तुझी अडचण मी समजू शकते, घरात कुणी वाचलं का? अशी पुरवणी जोडायला तुला कुणी सांगितलं असेल तर घाबरू नकोस, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. मी ते वाचून कपाळाला हात लावला. आता मी जितकं अब्बांच्या बाजूनं लिहीन तितके अब्बा जास्त जुलमी ठरणार होते. उत्तर द्यायचं कसं? मी दिलंच नाही. बाईंना त्यातही न बोललेलं दिसलं असेल.

पुढच्या हिवाळ्यात मंडळानं ठरवलं की आपण प्रत्यक्ष भेटायचं आणि निवडक कवितांचं एक पुस्तक काढायचं. भेटायचं कुठं? मोहर्लीला, आमच्या जिल्ह्यातल्या वाघांच्या जंगलाच्या तोंडाशी. कविता होतील आणि वाघही होईल. बाईंनी मला कळवलं की तू तिथलीच आहेस तेव्हा थोडी मदत कर. उतरायला जागा आहे पण झोपायला गाद्या कमी पडताहेत, स्थानिक पातळीवर काही होईल का? ब्रह्मपुरीहून मोहर्ली म्हणजे नागभीड, सिंदेवाही, मूल, चंद्रपूर असं सगळं ओलांडून जावं लागतं. पुण्याच्या नकाशावर ते बोटभर दिसत असेल. पण गाद्या म्हटल्यावर मी काय सांगू, आमच्याकडे नाहीत?

अब्बांना सांगितलं तर ते खूष. माझ्या पोरीच्या ओळखीचे लोक पुण्याहून, अमेरिकेतून येणार आणि आपल्या गाद्यांवर झोपणार. त्यांनी दिवाळीनंतरचं सगळं काम बाजूला ठेवून नवा कापूस आणला, गाद्या भरल्या, रजया भरल्या. पुण्याच्या लोकांना इकडची थंडी सोसत नाही म्हणून रजईत कापूस जास्त घातला. टेम्पो ठरवला आणि म्हणाले, मी पण येतो, गाद्या परत आणायला कुणी पाहिजे ना. खरं कारण वेगळं होतं. वाघाच्या जिल्ह्यात जन्म गेला पण अब्बांनी वाघ पाहिला नव्हता.

मला पुस्तकाची धास्ती होती. बाईंनी ते पुण्याहून छापूनच आणायचं ठरवलं होतं. मी पुन्हा एकदा लिहिलं की माझी दाराची कविता घेणार असाल तर आठही ओळी घ्या, नाही तर घेऊच नका. उत्तर आलं की काळजी करू नकोस, सगळं तुझ्या मनासारखं होईल. माझ्या मनातलं बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असायचं, म्हणून मला भीती. अब्बा सातवीपर्यंत शिकलेले, मराठी पेपर रोज पहिल्या पानापासून वाचणारे. ते पुस्तक हातात घेणार होते.

टेम्पोत पुढं आम्ही दोघं आणि मागं गाद्यांचा डोंगर, असे मोहर्लीला पोचलो. बाई गेटपाशी उभ्या होत्या. मला पोटाशी धरलं, डोळ्यांत पाणी आणलं, आणि मग माझ्या खांद्यावरून अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी हात जोडले आणि म्हणाले, "बाई, गाद्या कुठी उतरवायच्या?" बाई फक्त बोटानं दाखवून आत गेल्या. अब्बांना त्यात काही वाटलं नाही. शिकलेले लोक कमी बोलतात असं त्यांचं मत होतं.

दोन दिवस मी पाहत होते. मंडळी माझ्याशी हळू आवाजात बोलायची, जसं आजाऱ्याशी बोलतात. जेवायला बाई मला स्वतःजवळ बसवायच्या, अब्बांपासून दूर. अब्बा वाढणाऱ्या पोरांशी गप्पा मारत जेवायचे. सकाळी उठून प्रत्येकाला विचारायचे की झोप लागली का, पाठ धरली नाही ना. सगळे म्हणायचे, छान लागली, आणि मान फिरवायचे. एका जुलमी बापाच्या गादीवर इतकी गाढ झोप लागावी याचा त्यांना त्रास होत असेल. जंगलात नेणाऱ्या जिप्सीत जागा नव्हती, त्यामुळं अब्बांचा वाघ राहून गेला. जिप्सीत गेलेल्यांनाही सांबरच दिसलं, एवढाच मला आनंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या बाजूला मांडव घालून पुस्तकाचं प्रकाशन झालं. पुस्तक वाटलं गेलं. मागच्या कव्हरवर, सगळ्यात ठळक जागी, माझ्या चार ओळी. खाली बाईंनी दोन वाक्यांत ओळख करून दिली होती. बंद दाराआडून लिहिणारी एक मुलगी, वगैरे. मागं वळून पाहिलं तर अब्बा शेवटच्या रांगेत पुस्तक उलट करून धरून बसलेले. चष्मा नव्हता, तो टेम्पोत राहिला होता. मनात म्हटलं, सुटले.

कुठली सुटते? बाई माईकवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की सुरुवात एका धाडसी कवितेनं करू. माझं नाव घेतलं. अब्बांनी नाव ऐकलं आणि ताठ बसले, हसू अगदी कानापर्यंत. बाई वाचनात तरबेज. बाप दार लावून घेतो, थांबल्या. रोज, माझ्या तोंडावर, पुन्हा थांबल्या. त्या थांबायच्या तेव्हा लोक मागं वळून अब्बांकडे बघायचे. चार ओळी संपल्या. जोरदार टाळ्या. अब्बाही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या मागून, हळूहळू. हसू तेवढं उतरलं होतं.

मी उठून त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे न पाहता, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "तेरेको दरवाजा लगाया तो बुरा लगता क्या, बेटा? कभी बोली नहीं तू."

माझा जो काय संताप झाला तो सांगता येत नाही. मी सरळ पुढं गेले, बाईंच्या हातातून माईक घेतला. घेतला म्हणजे ओढलाच. म्हटलं, ही कविता अर्धी आहे. माझ्या घरी लाईन गेली म्हणून अर्धी आहे, बाकी कुणी काही नाकारलेलं नाही. आता पूर्ण ऐका. आणि पहिल्या चार ओळी म्हणून पुढच्या म्हटल्या:

त्या बाजूला बाप
सगळा कापूस एकटाच गिळतो.
एक धागा इकडे येऊ नये
पोरीच्या छातीत, म्हणून.

म्हणताना धाप लागली. रागानं लागली, पण लागली. मी अब्बांकडे पाहत होते, ते खाली गवताकडे बघत होते. मग बाईंनी माझ्या हातातून माईक अलगद परत घेतला आणि गहिवरून म्हणाल्या, "वडील समोर बसलेले असताना हिला हे म्हणावं लागतंय, यावरून आपण काय ते समजू या." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जास्त. मी हरले. त्या बाईंपुढं कुणीही हरलं असतं.

चहाच्या वेळी अमेरिकेतले काका कप घेऊन आमच्याजवळ आले. ते अब्बांशी नीट बोललेले एकटेच. मला म्हणाले की मला तेव्हाच दिसलं होतं, पाचातले तीनच शब्द आलेत, कविता बाद करायला हवी होती. पण सगळे एवढे हेलावले होते की माझी हिंमत झाली नाही. मग अब्बांना त्यांनी मशीनची मोटर किती पॉवरची, असं विचारलं आणि दोघं त्यावर बराच वेळ बोलत बसले.

परतताना चंद्रपूर गेलं तरी अब्बा आरशातून मागच्या गाद्याच बघत होते. मी दोनतीनदा विषय काढला, पूर्ण ऐकली ना तुम्ही? ते म्हणाले, सुनी ना, अच्छी थी. मूल आलं तेव्हा टेम्पोवाल्याला चहासाठी थांबवलं आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "मशीन के वास्ते अलग मीटर ले लेते. फिर तेरी पूरी जाएगी."

आणि घेतलं. पुढच्याच महिन्यात मशीनला वेगळं मीटर लागलं, खांबावरून वेगळी तार आली. दिवे मिणमिणायचे बंद झाले. माझ्या कविता पंधरा-पंधरा, वीस-वीस ओळींच्या जायला लागल्या. बाईंनी लिहिलं की अलीकडे तुझी कविता सैल झाली आहे, पूर्वीची ती धग राहिली नाही. मंडळात मी आणखी काही महिने राहिले. मग कोडी तेवढी सोडवायची, धाडणं सोडून दिलं.

पण मला जे सांगायचं आहे ते मोहर्लीहून आल्यानंतरच्या पहिल्या सकाळचं. मीटर अजून जुनंच होतं. लाईन आली. मी कॉम्प्युटर लावला. मशीनची हाक येईल म्हणून बसले होते, तर हाक आली नाही. अब्बा स्वतः मधल्या दारात येऊन उभे राहिले, नाकाला रुमाल बांधलेला, हात दाराच्या कडीवर.

"दरवाजा लगाऊं क्या?"

इतक्या वर्षांत त्यांनी मशीनचं रोज विचारलं होतं, दाराचं कधीच नाही. मी म्हटलं, लगाओ ना अब्बा, हे काय विचारणं झालं? त्यांनी मान हलवली आणि दार लावलं, नेहमीपेक्षा हळू. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. मी चिडले, हसण्यावारी नेलं, एकदा तर आठही ओळी त्यांच्यासमोर उभं राहून पुन्हा म्हणून दाखवल्या. अब्बांनी शांतपणे ऐकल्या, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी विचारलं. पूर्ण कविता ऐकून त्यांना अर्धीच लागली होती, आणि ती काही केल्या निघाली नाही.

शेवटी मी त्यांनी विचारायच्या आधीच उठून आपल्या हातानं दार लावायला लागले. वाटलं, संपलं एकदाचं. तर मशीन सुरू व्हायच्या आधी पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा आणि मग अब्बांचा.

"तूने लगाया ना, बेटा?"

हो अब्बा, मीच लावलं, असं मी मोठ्यानं म्हणायची. मग मशीन चालू व्हायची. मशीन विकली त्या दिवसापर्यंत हे रोज चाललं.